प्रयागकाकू, ग्रब म्हणजे जेवण

प्रयागकाकू, तुम्ही गेल्याचं तुमच्या मंगलनं फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी रडलो नाही. घाबरलो. हे तुमच्यापासून तरी कशाला लपवू? अध्यक्ष अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता तुम्हीही गेलात. म्हणजे त्या दुपारी दूध संघाच्या कॅन्टीनमध्ये खरं काय झालं ते ठाऊक असलेला मी एकटाच मागं राहिलो, असं मला वाटलं. मला टोकणारं कुणी उरलं नाही. मी गप्प बसलो असतो तर ती गोष्ट माझ्याबरोबरच सरणावर गेली असती. आणि मी गप्प बसणारा माणूस आहे, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तुम्ही गेल्यापासून नीट झोप नाही. जेवायला बसलं की घास फिरतो. बायको म्हणते, बीपी तपासून घ्या. तिला काय सांगू, की एका शब्दानं माझं रक्त तीस वर्षं असंच चढतंय.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं ते. घाटनांदूरच्या बाजूच्या विहिरी दिवाळीलाच तळाला गेल्या होत्या. जनावरं छावणीला बांधलेली. संघाच्या खिडकीशी सकाळी किटल्या घेऊन येणारी माणसं आता तांब्यात दूध आणत होती, आणि तेही ओशाळून पुढं करत होती. मी कृषी विद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला, संघात सहा महिन्यांच्या हंगामी नेमणुकीवर. तुम्ही कॅन्टीनला. दरवर्षी किसनकाकांबरोबर ऊस तोडायला जाणाऱ्या तुम्ही त्या वर्षी पहिल्यांदा गावात थांबणार होता. मंगल चौथीत होती. तिची शाळा मोडू नये म्हणून तुम्ही ती नोकरी धरली होती. भाकरी थापताथापता तुम्ही मला हे सांगितलं होतं, तेही किती खुशीत.

आणि मग ते दोन पाहुणे आले. दूध थंड करायचं यंत्र देणाऱ्या कुठल्याशा परदेशी संस्थेचे. त्यांनी हो म्हटलं तर संघ तगेल, नाही म्हटलं तर कुलूप लागेल, अशी हवा अध्यक्ष अण्णांनी आठवडाभर करून ठेवलेली. मॅनेजर नेमका तापानं फणफणला आणि अण्णांनी मला बोलावलं. "तुला विंग्रजी येतं ना बे? मंग उद्या तूच बोलायचं." मला इंग्रजी येत होतं ते पिकांवरच्या रोगांचं. मावा, तुडतुडे, बोंडअळी यांची इंग्रजी नावं मी घडाघड म्हणत असे. माणसांशी इंग्रजीत बोलायची वेळ जन्मात आली नव्हती. रात्रभर तीच नावं घोकत बसलो.

जेवण तुमचं. त्या साली हिरवं काही डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी तुम्ही कुठून तरी कोवळी वांगी मिळवलीत, दाण्याचा कूट घालून भरलीत, येसर आमटी केलीत, बाजरीच्या पातळ भाकरी. पाहुणे मांडी घालून बसले. त्यातला उंच गडी वांगं तोंडात टाकून शेजारच्याकडं वळला, ताटाकडं बोट केलं आणि घास चावतचावत काहीतरी बोलला. मला त्यातला एकच शब्द कळला. ग्रब.

तो शब्द मला पाठ होता. व्हाइट ग्रब म्हणजे हुमणी. उसाची मुळं खाणारी, पांढरी, वाकडी अळी. परीक्षेत तिचं चित्र काढून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

"काय म्हणतंय बे ते?" अण्णांनी कानाशी येऊन विचारलं.

"अळी म्हणतायत, अण्णा. वांग्यात."

'वांग्यात' हे तर मी पदरचं घातलं, काकू. त्यानं फक्त ताटाकडं बोट केलं होतं. पण माझ्या डोक्यात अळी आली म्हटल्यावर ती कुठं तरी बसायला पाहिजे होती, आणि समोर वांगं होतं.

पुढचं तुम्हाला मी काय सांगावं! अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पाहुण्यांची ताटं उचलायला लावली. तो उंच माणूस अर्धी भाकरी हातात घेऊन बावचळून बघत राहिला. त्याला वाटलं असेल, इथं जेवायला एवढाच वेळ देतात. पाहुण्यांना ऑफिसात नेऊन केळी दिली आणि अण्णा तसेच कॅन्टीनच्या दारात आले. सगळे संचालक, ड्रायव्हर, दूध घालायला आलेले लोक, सगळ्यांच्या देखत तुम्हाला बोलले. तुम्ही पदर खोचून एकच वाक्य म्हणालात, "मला दावा आळी. कुटं हाय ती दावा." कुणी दाखवणार कसं? ताटं तर खरकट्याच्या बादलीत रिकामी झाली होती. तुम्ही बादलीत हात घालायला निघालात, तेव्हा कुणीतरी हसलं. मी दाराआड होतो. मला ते हसू अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला कामावर यायचं नाही असं सांगितलं गेलं. आठवडाभरात किसनकाकांबरोबर तुम्ही उसाला गेलात, आणि मंगल तुमच्याबरोबर, बैलगाडीत भांड्यांच्या मधे बसून. चौथीचं वर्ष गेलं.

इथपर्यंत ती चूक होती. घाबरलेल्या पोराची चूक. पुढं जे झालं ती चूक नव्हती.

महिन्याभरानं पाहुण्यांचं पत्र आलं. यंत्र मंजूर. अण्णांनी सगळ्यांना गोळा केलं आणि मला पत्र वाचून मराठीत सांगायला उभं केलं. शेवटच्या परिच्छेदात होतं, स्वयंपाक करणाऱ्या बाईंना आमचे आभार कळवा, इतकं चवदार ग्रब आम्ही साऱ्या प्रवासात कुठं खाल्लं नाही. मी ती ओळ बघितली. चवदार हुमणी कोण म्हणेल? मला तिथंच उभ्याउभ्या कळून चुकलं. आणि मी ती ओळ गाळली, काकू. "आणि सर्वांना नमस्कार," असं म्हणून पत्राची घडी घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात अण्णांनी मला कायम केलं.

अंबाजोगाईला जाऊन कॉलेजच्या ग्रंथालयातला जाडजूड शब्दकोश उघडला. ग्रब. एक, अळी. दोन, जेवण. दुसऱ्या अर्थापुढं बारीक अक्षरांत 'अनौपचारिक' लिहिलेलं. मी त्या बारीक अक्षरांकडं बघत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. शिपायानं येऊन पंखा बंद केला तेव्हा भानावर आलो.

तुम्ही उन्हाळ्यात परतलात. मी चार दिवस तुमच्या गल्लीवरून नुसता सायकल मारत होतो. पाचव्या दिवशी तुम्हीच हाक मारली. "वसंता, कावून घिरट्या घालायलास? ये की आत." तुम्ही बाजरी पाखडत होता. मी उंबऱ्यावर बसूनच बोलून टाकलं.

"काकू, त्या दिवशी अळी नव्हती."

सूप थांबलं नाही. "मला ठावं हाय. वांगं चिरलं की म्या सोता बगितल्याबिगर भरत न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. शब्द, पत्र, गाळलेली ओळ. तुम्ही शिव्या द्याल, सूप फेकून माराल, किसनकाकांना बोलवाल, अशी तयारी करून आलो होतो. तुम्ही म्हणालात, "मंजी त्यो माणूस जेवान चांगलं झालं म्हणत व्हता?"

"हो."

"आन हुमणीलाबी त्योच शबुद?"

"हो."

"काय म्हणला, पुन्यांदा म्हण."

"ग्रब."

तुम्ही एकदोनदा तो शब्द तोंडात घोळवलात. गरब, गरब. आणि एकदम पदर तोंडाला लावून रडायला लागलात. सगळ्यांदेखत अपमान झाला तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि कुणीतरी जेवणाला चांगलं म्हटलं होतं हे सहा महिन्यांनी कळल्यावर तुम्ही रडलात. मला कुठं बघावं कळेना. मी उंबऱ्यावरची माती नखानं उकरत बसलो.

डोळे पुसून तुम्ही म्हणालात, "मला सांगून काय उपेग? मला तं आदीच ठावं व्हतं. गावाला सांग. संगाच्या सभेत हुबं ऱ्हाऊन सांग. पोरंसोरं मला आळीवाली म्हंत्यात, वसंता."

मी हो म्हणालो. खरंच हो म्हणालो होतो.

आधी अण्णांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाईला कामावर परत घेऊ. पण हे चवाट्यावर न्यायचं न्हाई. यंत्र देणाऱ्याच्या हातातलं ताट आपण हिसकून घेतलं, हे भाईर कळलं तर इज्जत ऱ्हाईल का संगाची?" मला काय, पळवाट पाहिजे होती. ती अण्णांच्या तोंडून मिळाली. तुम्ही कॅन्टीनला परत आलात. कागदोपत्री सगळं ठीक झालं. गावाच्या तोंडात तुम्ही अळीवालीच राहिलात.

आपला तो वाद मग वीस वर्षं चालला. मी म्हणायचो, लोक विसरलेत, कशाला खपली काढता? तुम्ही म्हणायचात, "तुला काय जातंय म्हणाया, तुला कोन आळीवाला म्हंतंय?" दर वर्षी सर्वसाधारण सभेच्या आठ दिवस आधीच काय बोलायचं ते कागदावर लिहून मी खिशात ठेवायचो. तुम्ही चहाची किटली घेऊन मागच्या दारात उभ्या राहायचात. 'आयत्या वेळचे विषय' आले की तुमची नजर माझ्यावर, आणि माझी पायातल्या चपलांवर. राष्ट्रगीत व्हायचं. लोक उठायचे. तुम्ही कपबशा गोळा करायला लागायचात. एकदाही तुम्ही मला त्या दिवशी बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी लावायचात.

त्याच वीस वर्षांत तो दुसरा खेळ सुरू झाला, त्याची आठवण झाली की मला हसू येतं. एक दिवस तुम्ही म्हणालात, "त्या लोकांत जेवनाला अजून काय काय म्हंत्यात रे? बारीक अक्षरातलं." बारीक अक्षरांतलं! अनौपचारिक म्हणजे घरात, मित्रांत बोलायचे शब्द, असं मी समजावलं. "मंजी आपलं गिळ, हादड, चेप, आसलं?" तुम्ही विचारलंत. अगदी तसलंच, मी म्हणालो. मग अंबाजोगाईला गेलो की मी एखादा शब्द शोधून आणायचा आणि तुम्ही तो चाखून बघायचा, असं ठरूनच गेलं.

चाऊ म्हणजे जेवण, असं सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "चावून खायाचं म्हणून चाऊ. आपलाच हाय ह्यो." टक इन म्हणजे हाणा आता, सुरू करा, हे तर तुम्हाला एकदम पटलं. "टाक आत!" आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून ताट वाढलं की तुम्ही ड्रायव्हरांना टाकिन म्हणायला लागलात, आणि त्यांना वाटायचं काकू काहीतरी वाढणार आहेत. नॉश आवडला नाही. "खायाला नाश कसं म्हणावं? अन्न हाय त्ये." लांडग्यासारखं खाणं आणि डुकरासारखं खाणं असेही शब्द आहेत म्हटल्यावर तुम्ही गंभीर झालात. "मंजी त्यांच्यातबी दुष्काळ पडून गेला असंल कवातरी." मला हे कधी सुचलं नव्हतं. शब्दकोशातही लिहिलेलं नव्हतं.

एकदा कांदा चिरताना तुम्ही म्हणालात, "वसंता, त्या माणसाला लई आवडलं आसंल बग. परक्याच्या घरी माणूस जपून बोलतंय. त्यो घरातल्यावानी बोलला." तुमचे डोळे कांद्यानं वाहत होते, असं मी धरून चाललो.

मंगलला सिरसाळ्याचं स्थळ आलं होतं, त्याचंही तुम्ही मला असंच काम करताकरता सांगितलंत. चहा झाल्यावर मुलाची मामी हसत म्हणाली होती, "आळीवाल्या काकूंचीच पोरगी का ही?" स्थळ मोडलं. त्या एका वाक्यानंच मोडलं असं नाही, हेही तुम्हीच म्हणालात, मला बरं वाटावं म्हणून. पुढं मंगलचं चांगलं झालं, जावई गुणी निघाला. पण त्या दिवशी मी घरी जाऊन सभेत बोलायचा कागद पुन्हा लिहून काढला. आणि तरी पुढच्या सभेत उभा राहिलो नाही.

कशाला भीत होतो मी? अण्णा गेले, संघाला कुलूप लागलं, मी घरी बसलो. भीती मात्र आपली जागच्या जागी. लोक हसतील एवढीच. ज्या हसण्याखाली तुम्हाला ढकललं, ते माझ्या वाट्याला क्षणभरही नको होतं.

मागच्या महिन्यात दवाखान्यात तुम्हाला भेटलो ते शेवटचं. पोटावर ऑपरेशन झालेलं, तोंडानं काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत आणि म्हणालात, "चाऊ आण की रं काईतरी." ड्यूटीवरची नर्स म्हणाली, "आजी सकाळपासून असंच बरळतायत, अर्थ लागत नाही." मला लागत होता. त्या अख्ख्या दवाखान्यात फक्त मला लागत होता, आणि मला काही देता येत नव्हतं. मी तुमचा हात धरून बसलो. म्हणायचं होतं, काकू, बरं होऊन या, तुमच्या देखत चौकात उभा राहून सांगतो. शब्द ओठापर्यंत आले आणि मला वाटलं, आता असं म्हणणं म्हणजे तुम्ही जाणार हे कबूल करणं. की हीसुद्धा पळवाटच होती? आता कुणाला विचारू?

परवा तुमचं तेरावं झालं. सकाळीच जाऊन मंगलला म्हणालो, मला चार शब्द बोलायचे आहेत, तुझ्या आईबद्दल, तू नको म्हणालीस तर बोलणार नाही. तिनं पापड तळताना वरही बघितलं नाही. "आईनं मला कवाच सांगितलंय सगळं," ती म्हणाली. "बोला. ती असताना बोलला असता तर बरं झालं असतं, मामा." मामा म्हणाली ती मला. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं.

पंगत बसायच्या आधी मांडवात उभा राहिलो. सगळं गाव होतं. संघाचे जुने लोक, त्या दिवशी दारात असलेले काही, आता दात पडलेले. खिशात कागद होता तो काढलाच नाही. मी सांगितलं. शब्द काय होता, त्याचे दोन अर्थ काय, मी कुठला सांगितला, वांग्याचं कसं पदरचं घातलं, पत्रातली ओळ कशी गिळली. प्रयागकाकूंच्या जेवणात अळी नव्हती, असं म्हणून थांबलो. एकदोन पोरं हसली. कोपऱ्यातून कुणीतरी, "मास्तर विंग्रजीचा!" असं म्हणालं. म्हणू दे. मला काही झालं नाही, काकू. तीस वर्षं ज्याला भ्यालो ते हसणं एवढंसंच होतं.

मी खाली बसणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. सुनेच्या खांद्यावर हात टाकून, कंबरेत वाकलेली. मला ती ओळखू येईना. तिनं नाव सांगितलं, सुभद्रा. त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून तुमच्या मदतीला एका रोजासाठी आलेली बाई. मला तर तुमच्याशिवाय त्या कॅन्टीनमध्ये दुसरं कुणी होतं हेसुद्धा आठवत नव्हतं.

"वांगी म्या चिरलती," ती म्हणाली. "मला वाटलं माज्या नजरंतनं सुटली आळी. प्रयागचं काम माज्यापायी गेलं, पोरीची साळा माज्यापायी गेली. तिच्या म्होरं जायाला मला तोंड न्हवतं. तिची गल्ली सोडून देवळाला जायचे म्या. ती गेली, तवाबी मातीला लांबूनच हात जोडले."

मंगल झारा हातात धरून तशीच दारात आली होती.

मी हात जोडले. सुभद्राबाई दोन पावलं पुढं आली, माझ्या तोंडाकडं निरखून बघत राहिली आणि म्हणाली, "न्हवती का खरंच? मला कमी ऐकू येतंय. पुन्यांदा सांग."

मी तिच्या कानाशी वाकलो आणि पुन्हा सांगितलं.